तेसिकच्या सुरकुत्या

सोलमध्ये नव्या मालिकेच्या चित्रीकरणाचा पहिला दिवस होता. तिथल्या रीतीप्रमाणे, काम निर्विघ्न पार पडावं म्हणून, डुकराच्या मुंडक्यापुढे सगळे गुडघे टेकून नमस्कार करत होते. नायकाची पाळी आली तेव्हा चाकांवरचा एक डिजिटल पडदा ढकलत आणला. त्यावर जुना नट बोंग तेसिक याचा, संगणकाने जपलेला तिशीतला चेहरा हसला.

एकाहत्तर वर्षांचा खरा तेसिक गर्दीतून पुढे आला.

"सर, तुमचा चेहरा कंपनीने विकत घेतलाय," निर्माती प्यो म्हणाली. "करारानुसार तुम्हाला अभिनय करायला बंदी आहे."

"तरुण चेहरा घेतलात. या सुरकुत्या नंतरच्या, माझ्या आहेत. आणि बाई, तुमच्या नायकाला गुडघे कुठायत?"

कोणीतरी फिसकन हसलं. तेसिकने कण्हत गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं.

"नायकाच्या बापाचं काम मी करणार," उठताना पडद्याकडे बोट करत तो म्हणाला. "याच्यासारखा दिसणारा दुसरा म्हातारा शोधून दाखवा."