चिकाचा वाटा

कपिला व्याली आणि कालवड धडपडत उभी राहिली, तोवर डॉ. शर्वाणी उगले कॅन घेऊन गोठ्यात हजर झाल्या. गाभण गाईला मेंदूज्वराची लस टोचायची आणि तिचा चीक इस्पितळातल्या आजारी पोरांना औषध म्हणून द्यायचा, हे आता गावोगाव रुळलं होतं. सगळा चीक घ्यायचा, हा नियम शर्वाणींचाच.

मालकीण गवराबाई धार काढायला बसली आणि थबकली.

“ताई, गेल्या साली माझी नात अशाच चिकानं वाचली. त्या गाईचं वासरू जगलं का हो?”

शर्वाणींना खोटं बोलवेना. “नाही. रोगाशी लढायचं बळ वासराला चिकातूनच मिळतं. चिकाऐवजी आम्ही वासराला दुधाची पावडर देतो, तिच्यात ते नसतं.”

गवराबाईनं तीन सड पिळले. चौथ्याला हात घालणार, तोच शर्वाणींनी तिचा हात धरला आणि कालवडीला पुढे ढकललं.

“अन् इस्पितळातली पोरं?”

“शेजारच्या गावात आज आणखी एक गाय विणार आहे. तिथं जाऊन बसते. तिच्या वासरालाही एक सड सोडेन.”

कालवडीनं ढुशी मारली आणि चुटूचुटू ओढायला लागली. ते बघत राहायचा मोह आवरून शर्वाणींनी गाडी सुरू केली.