शून्यानंतर थेट अकरा

सुज्ञ वाचकहो, एका वहीतील एका आकड्यावरून पती-पत्नींमध्ये जो क्रोधाग्नी भडकला, त्याचा वृत्तान्त मी येथे अल्पाक्षरांत निवेदन करीत आहे.

वही चाळता चाळता टर्नरचे बोट एका आकड्यावर थबकले आणि त्याच्या कपाळाची शीर ताडताड उडू लागली.

"हा सात कुणी लिहिला?"

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

कारखान्यात लेथ चालवून निवृत्त झालेला हा टर्नर बावीस वर्षे स्वहस्ते घडविलेल्या दुर्बिणीतून सूर्यबिंब कागदावर पाडून त्यावरील डाग मोजीत आला होता. डागांच्या प्रत्येक पुंजक्याचे दहा धरावयाचे आणि प्रत्येक डागाचा एक. डाग एकटा असला तरी तोच पुंजका; म्हणजे अकरा. शून्यानंतर थेट अकरा! मधला आकडा सूर्याच्या बापालाही दाखविता येणार नाही. आणि ही वही वेधशाळेने मागविली होती. उद्या ती रवाना व्हावयाची होती.

पत्नी हात पुसत दारात आली.

"तू तर म्हणालीस, मी दवाखान्यात असताना, मी मोजणी शिकवलेले शेजारचे मास्तर येऊन मोजून गेले! मास्तर मेला तरी सात लिहिणार नाही!"

"मीच मनानं लिहिले. एकोणीसच्या एकोणीस दिवस. एक दिवस ढग आले तर तुम्ही जेवत नव्हतात. एवढ्या कोऱ्या ओळी पाहिल्या असत्या, तर पुन्हा आडवे पडला असतात."

"अगं, कोरं चालतं! खोटं चालत नाही! हा सात दिसला की ते बावीस वर्षांवर फुली मारतील. म्हणतील, म्हातारा घरबसल्या आकडे पाडतो!"

"मला काय ठाऊक, तुमचा सूर्य सात दाखवत नाही! बावीस वर्षांत कधी सांगितलंत? 'बाजूला सर, सावली पडते', एवढंच ऐकलं मी."

टर्नरने लाल पेन उचलले. "सगळं खोटं!" तो गरजला आणि एकोणीस ओळींना मिळून एकच भला मोठा कंस घालू लागला.

पत्नीने त्याचे मनगट धरले.

"कंस नाही. एकेका तारखेपुढे लिहा. मी तुमच्या उशाशी एकेक दिवस काढलाय, घाऊक नाही."

तिने स्वतःच पेनाचे टोक पहिल्या ओळीवर आणून टेकविले.

"ही पहिली तारीख. डॉक्टर म्हणाले, मुलांना बोलावून घ्या. त्या दिवशी मी बत्तीस लिहिले. हं, लिहा पुढे... खोटं."

आपला बहुमोल वेळ या कथेस दिल्याबद्दल वाचकांचा ऋणी आहे.

— अण्णा वायरमन