बंद पुलावरची पावलं
सरांनी इंजिनिअरिंग कॉलेजात आयुष्यभर पूल शिकवले, पण पुलांचं वेड त्यांना लावलं ते थोरल्या बहिणीने. लहानपणी ती त्यांचा हात धरून नदीवरच्या पुलावरून शाळेत न्यायची. तिचा एक पाय अधू होता, त्यामुळे एक पाऊल जड पडे, एक हलकं.

आता ताई व्हीलचेअरवर होती आणि तोच पूल वाहतुकीला बंद होता. तो पाडायचा की राखायचा, हे सरांच्या शब्दावर ठरणार होतं. त्यांनी पुलाला कंपनं मोजणारी यंत्रं लावली आणि एका दुपारी ताईलाही सोबत आणलं.

पूल ओस होता. तरी लॅपटॉपवरची रेघ हलू लागली. एक ठोका जड, एक हलका. रेघेनुसार पलीकडच्या टोकाकडून कोणीतरी चालत येत होतं.

"वायर सैल झाली असेल," सर पुटपुटले आणि तपासून आले. सगळं घट्ट होतं.

"वायरीचा काय दोष?" ताई शांतपणे म्हणाली. "मीच आहे रे ती. दुपारी डोळा लागला की मी इथे येते. तेव्हा पाय अजिबात दुखत नाही. म्हणून म्हणते, पाडू देऊ नकोस."

सर तिच्या खुर्चीशेजारी खाली बसले. "नाही पाडू देणार, ताई."

ठोके पूल ओलांडत जवळ आले. ताईने त्यांचा हात घट्ट धरला.

"पण आत्ता तर मी जागी आहे," ती म्हणाली.