भांड्यांचं ॲप

जेवणानंतर भांडी कुणी घासायची यावरून घरात रोज कटकट व्हायची. शेवटी प्राध्यापक नवऱ्याने स्वतः बसून एक ॲप बनवलं. बटण दाबलं की 'नवरा' किंवा 'बायको', दोघांपैकी एक नाव येणार. अगदी रँडम, कुणाचा वशिला चालायचा नाही.

पंधरवडा उलटला, तरी सिंकपाशी उभी बायकोच.

"अरे, तुझ्या या ॲपला 'नवरा' लिहायला शिकवलंयस ना?" कढई खरवडत तिने विचारलं.

"अगं, निव्वळ योगायोग!" प्राध्यापकाने चेहरा होईल तितका निरागस ठेवला आणि विषय बदलायचा म्हणून ओट्याला टेकून उद्याच्या तासाची तालीम सुरू केली. "तर मुलांनो, एखादी यादी खरंच रँडम आहे का, हे ओळखायचं कसं? सोपं आहे. ती थोडक्यात सांगून बघायची. थोडक्यात सांगता आली, तर खुशाल समजा की आत काहीतरी नियम दडलाय. खरी रँडम यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचूनच दाखवावी लागते. तिथे शॉर्टकट नाही!"

"वा! माझ्यासुद्धा डोक्यात शिरलं," बायको म्हणाली. तिने नळ बंद केला, हात पुसले आणि घासणी अलगद त्याच्या हातात ठेवली.



"आता तुझ्या ॲपची अख्खी यादी ऐक. 'रोज बायको.' संपली! चल, घास."