आमचं रक्त

न्यायाधीशांनी डीएनए तपासणीचा अहवाल वाचून दाखवला. प्रणोतीच्या बाळाचा बाप सुयोगच होता. एकोणीस वर्षांच्या प्रणोतीने त्याच्याकडे पाहिलं. तिच्याच वयाचा सुयोग आपल्या बुटांकडे बघत होता. बोलायचं काम त्याचे वडील करत.

वर्षभर प्रत्येक तारखेला आबासाहेब सांगत आले होते, की ही पोरगी कोण, कुठली, आमच्या मुलाला ठाऊक नाही. निकालानंतर कोर्टाच्या व्हरांड्यात मात्र त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"सूनबाई, झालं गेलं विसरा. आमचं रक्त परक्या घरी कशाला वाढवायचं? आमचा नातू आमच्याकडे द्या."

मागच्याच तारखेला याच तोंडाने त्यांनी तिच्या आईसमोर तिला उकिरड्यावरची म्हटलं होतं.

"काका, आमचा अर्ज एकदा तरी वाचलात का?" प्रणोतीने विचारलं. "मुलगी आहे ती."

आबासाहेबांनी घसा खाकरला. "असं होय. मग लेकरू आईजवळच बरं. कोर्टाने ठरवलेली पोटगी पोचती करू."

प्रणोती सुयोगकडे वळली. "तिचं नाव तरी माहीत आहे तुला?"

सुयोगने वडिलांकडे पाहिलं.

तो कधीतरी बापासमोर तोंड उघडेल, अशी आशा ती वर्षभर धरून होती. आता तिला त्या आशेचीच लाज वाटली.

निकालाची नक्कल घेऊन ती जन्मदाखल्यासाठी नगरपालिकेत गेली. वडिलांच्या रकान्यात फक्त नाव लागत होतं. तो माणूस असावा, अशी अट नव्हती.