धुरातली निळी गाडी

"हेडफोन माझेच चालतील ना, सर?" दीक्षाने तिसऱ्यांदा विचारलं.

"चालतील, ताई. बसा तुम्ही," आयोजक किशोर म्हणाला.

शंकररावांनी गर्दीतून वाट काढत लेकीला स्टेजवरच्या खुर्चीपर्यंत नेलं, पाठीवर थाप दिली आणि ते खाली पहिल्या रांगेत येऊन बसले. कोठी बस स्टँडजवळचा तो हॉल कॉलेजच्या पोरांनी गच्च भरला होता. गाड्यांच्या लढाईच्या खेळाची अंतिम फेरी होती. बंदिस्त मैदानात दोन गाड्या. रॉकेट मारायचं, सुरुंग पेरायचे, समोरच्याची गाडी जाळायची. तीन डावांत दोन जिंकेल तो विजेता.

समोर हर्षद होता. सलग दोन वर्षं त्याला कुणी हरवलं नव्हतं.

"तुमची पोरगी का?" शेजारच्या बाईंनी विचारलं. "मी मंगला. हर्षदची आई."

"हौ, धाकटी. विद्यानगरला राहतो आम्ही."

"इथपर्यंत आलेली ती एकटीच पोरगी. गाडी तुम्ही शिकवली?"

शंकरराव हसले. "मी एकतीस वर्षं सिटी बस चालवली. लहानपणी ही डेपोत यायची माझ्यासोबत. बस वळणावर दिसायच्या आधीच सांगायची, पप्पा, बरकतपुऱ्याची आली. कधी चुकली नाही."

बाकीचं त्यांनी सांगितलं नाही. मागच्या वर्षी दुसऱ्या एका स्पर्धेवाल्यांनी फॉर्म वाचूनच तिचं नाव कापलं होतं. त्या दिवशी ती जेवली नव्हती. या वेळी फॉर्ममधला एक रकाना तिने त्यांना कोराच ठेवायला लावला होता.

पहिला डाव हर्षदने झटक्यात घेतला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "घर जाओ बहन!" शंकररावांनी मागे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या डावात दीक्षाची निळी गाडी भिंतीला घासून घासून फिरत राहिली. हर्षद वैतागला, घाईने अंगावर आला आणि थेट तिच्या सुरुंगावर गेला.

एक-एक.

शेवटच्या डावात हर्षदने आपलं ठेवणीतलं हत्यार काढलं. त्याने मैदानभर धूर सोडला. प्रेक्षकांसमोरचा मोठा पडदा पांढराफटक झाला.

"किसे कुच नै दिख रा!" माइकवरचा मुलगा ओरडला.

"आता संपलं," मंगलाबाई हळूच म्हणाल्या. "धुरात त्याला कुणीच हरवलं नाही अजून. वाईट वाटून घेऊ नका हं."

स्टेजवर दीक्षाने मान किंचित तिरकी केली. बोटं थांबली. धुरात फक्त हर्षदच्या लाल गाडीचं इंजिन गुरगुरत होतं, कधी डावीकडे, कधी लांब. 

मग एकच रॉकेट सुटलं.

धूर विरला तेव्हा लाल गाडी पेटलेली होती आणि निळी तिच्यापासून चार हातांवर उभी होती. हॉल उठून उभा राहिला. "क्या खेली रे!" मघाचाच आवाज होता. मंगलाबाईंनी स्वतःचं पोरगं हरलेलं विसरून टाळ्या वाजवल्या. शंकररावांना टाळ्या वाजवता येईनात. ते दोन्ही हातांनी डोळे पुसत होते.

किशोर चषक घेऊन दीक्षाच्या टेबलामागे गेला आणि जागीच थबकला.

"ताई, तुमचा पडदा तर बंद आहे! वायरच निघालीये!"

"केव्हापासून?" दीक्षाने विचारलं.

"पहिल्या डावाच्या आधीच निघाली असणार. जोडलेलीच दिसत नाही."

हर्षद खुर्ची सारून उठला. "मग बोलायचं ना, यार! मी थांबलो असतो."

"मला कुणी सांगितलंच नाही," दीक्षा हसून म्हणाली.

शंकरराव ताठ मानेने स्टेजवर चढले. त्यांनी घडीची पांढरी काठी उलगडली आणि लेकीच्या हातात दिली.