पहिल्या नंबरावर सावळीराम

"गूगलवर 'नाशिक रोझ नर्सरी' लिहिलं की पहिला सावळीराम येतो. मला तो तिथून उठवून पाहिजे," वाल्मीक म्हणाला. "मेला तरी चालेल."

"वेबसाइट ना?" समोरच्या टायवाल्याने विचारलं.

"आधी वेबसाइट."

मखमलाबादच्या रस्त्याला अलीकडे वाल्मीकची मैना नर्सरी आणि पलीकडे त्याच्या चुलतभावाची, म्हणजे सावळीरामची. तीन वर्षांपूर्वी एका लग्नाच्या पंगतीत सावळीराम म्हणाला होता की, वाल्मीकच्या गुलाबाची कलमं जगत नाहीत, खालचं रानटी खोड तेवढं फुटतं. वाल्मीकने जिलबी ताटात ठेवली ती ठेवलीच. तेव्हापासून वैर.

त्यात २००७ साल उजाडलं. मोठी गिऱ्हाइकं नर्सरी कॉम्प्युटरवर शोधायला लागली. एकलहऱ्याच्या एका सोसायटीच्या बागेची ऑर्डर अशीच रस्ता ओलांडून पलीकडे गेली. वाल्मीकची दहा हजार कलमं पिशव्यांत नुसती उभी. हंगाम असाच गेला तर पुढच्या वर्षी मळा सावळीरामलाच कसायला द्यावा लागेल, हे बायकोने, मैनाने, जेवताना दोनदा ऐकवून झालं होतं.

टायवाला लिंक बिल्डिंगची सेवा विकायला आला होता. "दुसऱ्या वेबसाइटींनी तुमची शिफारस करायची, सर," त्याने समजावलं. "जितक्या शिफारशी, तितका नंबर वर."

"सावळ्याची शिफारस कोण करणार? त्याच्या हातचा चहा कोणी घेत नाय."

"नाही, पण सावळीराम सरांचं काम फार सुंदर झालंय हं."

'सर' ऐकून वाल्मीक उठला. टायवाल्याला गेटापर्यंत कुत्र्याने सोबत केली.

मग वाल्मीक रोजच्यासारखा कॉम्प्युटरवर बसला. झाडांना पाणी झालं की जनतेला सावध करायचं, हा त्याचा तीन वर्षांचा नेम. बागकाम असो, नोकरी असो, वधूवर सूचक असो, ज्या वेबसाइटीवर लिहायला रिकामी चौकट दिसेल तिथे तो सावळीरामची लबाडी मांडायचा. इंग्रजी मोडकं होतं, पण तळमळ अस्सल. खाली सही, तारीख आणि, भलत्याच सावळीरामवर आळ नको म्हणून, त्याच्या वेबसाइटचा पत्ता. सगळं शिस्तीत.

दुसरा सेवावाला सिडकोतून आला. "आठवड्यात दहा हजार लिंका," तो म्हणाला आणि यादी दाखवली. रशियातलं औषधांचं दुकान, ब्राझीलमधला कुस्तीचा क्लब.

"पैलवान गुलाब लावतील व्हय?" मैनाने आतून विचारलं.

"लावतील की, वहिनी."

"आणि सावळ्या खाली येईल?" वाल्मीकने विचारलं.

"अवघड आहे. त्यांच्यासाठी कोणीतरी रोज बसतंय. सुट्टीसुद्धा घेत नाही. एवढं कष्टाळू माणूस आमच्या धंद्यात नाही, साहेब."

कुत्रा पुन्हा उठला.

त्या रागात वाल्मीकने रोजच्या आठाऐवजी चौदा ठिकाणी लिहिलं. सोमवारी बघतो तर पहिला सावळीराम, दुसऱ्या नंबरावर सावळीरामच्याच गुलाबांचे फोटो, आणि मैना नर्सरी दुसऱ्या पानावरून पाचव्यावर.

"त्याने माणूस ठेवलाय," तो मैनाला म्हणाला.

"मग तुम्हीपण ठेवा. का कुत्र्यालाच बसवायचं हाय?"

तो तणतणत रस्त्यावर गेला. समोर सावळीराम पाइप धरून उभा होता.

"काय वाल्मीक, टायवाले येऊन राहिले? लगीन ठरलं का कुणाचं?"

"तुझ्या तेराव्याची तयारी चाललीय."

"बरं बरं. फुलं माझ्याकडूनच ने."

"कोणाला बसवलंय रे कॉम्प्युटरवर?"

"कोणाला नाय बा. देवाची कृपा."

तिसरी आली ती रूपाली. गंगापूर रोडला तिचं छोटं ऑफिस होतं आणि हातात जाडजूड फाइल होती. कुत्र्याने तिच्याकडे बघितलं आणि तो परत झोपला.

"मी आधी सावळीरामांच्या लिंका तपासल्या," ती म्हणाली. "जवळजवळ सगळ्या एकाच माणसाने केल्यात."

वाल्मीक पुढे सरकला. "तोच पाहिजे मला! फोडा त्याला. तो मागेल तो पगार देतो."

रूपालीने फाइल त्याच्याकडे फिरवली. त्याने पहिलं पान वाचलं. मग चाळिसावं. मग शेवटचं. इंग्रजी मोडकं होतं. सही त्याची होती.

"अहो, पण ह्या शिव्या हायेत!"

"गूगल शिव्या वाचत नाही, सर. पत्ते मोजतं. तुम्ही हजारो ठिकाणी त्यांचा पत्ता दिलात."

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. मैना हसत होती की रडत होती, ते कळलं नाही.

"पुसून टाकतो," वाल्मीक म्हणाला.

"लिहिता येतं. पुसायचा अधिकार त्या त्या वेबसाइटवाल्यांचा. निम्मे तर उत्तरसुद्धा देत नाहीत."

वाल्मीकने बराच वेळ फाइलीवर बोट आपटलं. मग विचारलं, "माझ्या नावाने कोणी असंच लिहिलं तर?"

"तर तुम्ही वर जाल. पण रोज, मनापासून, तीन वर्षं लिहायचं म्हणजे पगारी माणूस नाही टिकत, सर. सख्खा वैरीच लागतो."

वाल्मीक चप्पल न घालता रस्ता ओलांडून गेला.

"सावळ्या!" तो ओरडला. "तू चोर हायेस! तुझा बाप चोर होता! हिंमत असंल तर लिही माझ्याबद्दल! इंटरनेटवर लिही! पत्त्यासकट लिही!"

सावळीरामने पाइप खाली ठेवला. ओले हात धोतराला पुसले आणि जोडले.

"काय बोलतोस हे, भाऊ? तुझ्याबद्दल वाईट?" त्याचा आवाज लोण्यासारखा झाला. "नाशकात तुझ्यासारखी कलमं कुणाची नायत. चारचौघांत म्हणशील तिथं सांगीन. फक्त लिहून नाय देणार."